ऐकण्याची तयारी ठेवूनच गावात जा

जनसंपर्काच्या पाहणीसाठी तुम्ही प्रथमच यवतमाळकडील गावांत जात आहात, म्हणून लिहितो. ग्रुनिग आणि हंट या अमेरिकी अभ्यासकांनी १९८४ मध्ये जनसंपर्काची चार प्रारूपे मांडली. त्यांतील द्विमार्गी असममित प्रारूपात संस्था लोकांचे ऐकते ते त्यांना वळवण्यासाठी, तर सममित प्रारूपात ती स्वतःही बदलायला तयार असते, आणि माझ्या अनुभवात कापूस पिकवणाऱ्याला हा फरक दुसऱ्याच प्रश्नाला कळतो. म्हणून पाहणी कोणासाठी आहे व खर्च कोणाचा आहे, हे आधी सांगून संमती घ्या. संध्याकाळी पारावर बहुधा पुरुषच भेटतात. वेचणीला जाणाऱ्या बायांची सवड विचारून त्यांना वेगळे भेटा. निष्कर्ष प्रतिकूल असले तरी ग्रामसभेत वाचून दाखवा. एकदा मी ते दडपू दिले. त्या गावाने पुन्हा माझ्याशी मोकळेपणाने बोलणे टाळले, आणि ते योग्यच होते.