परदेशी निघताना मंडळीचे उपकार कसे मानायचे

ताई, प्रभूमध्ये सलाम. नर्सिंगच्या नोकरीवर तुम्ही इंग्लंडला निघालात. चर्चच्या ज्या मंडळीने फीचे पैसे उभे केले, प्रार्थना चालवल्या, तिचे आभार कसे मानू आणि तिकडे अशी माणसं मिळतील का, असं विचारलंत. पहिल्याचंच उत्तर लांब आहे.

उपकारस्तुतीची उपासना निघण्याआधी तीन-चार आठवडे ठेवा. शेवटच्या रविवारी ठेवली की नागपूरच्या फेऱ्या, बॅगा आणि पाहुणे यांत ती उरकली जाते. सोयाबीन काढणीत तर नकोच, निम्मी मंडळी वावरात असते. हंगामाचा सण जवळ असेल तर त्यालाच जोडून घ्या. ज्वारी, तूर, कोंबड्या, अंडी येतात, लिलाव होतो, त्यातच तुमचं दानाचं पाकीटही अर्पण होतं. कर्ज काढून मटणाची पंगत घालू नका. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन पैसे दिले, त्यांनाच ती डाचते.

बोलायला उभ्या राहिलात की नावं वाचू नका. एक राहून गेलं की वर्षभर त्याचीच चर्चा, आणि गुपचूप देणाऱ्याला चारचौघांत नाव नकोच असतं. महिला संघ, युवक संघ, वडीलमंडळी, पाळकसाहेब, एवढं पुरे. पैसे देणाऱ्यांच्या घरी मात्र जा आणि संकोच न करता विचारा, "मावशी, हे उसने की दान?" देणारा पहिल्या पगाराची वाट पाहतो, घेणारी दान समजून बसते, मनं तुटतात ती इथेच. उसने असतील तर रक्कम आणि परतीचा महिना लिहून एक कागद त्यांच्याकडे द्या. पहिला पगार खोलीचं भाडं आणि अनामतीत जातो, तेव्हा चौथ्या महिन्याच्या आधीचा शब्द देऊ नका.

संडे स्कूलचं रजिस्टर, चर्चच्या किल्ल्या, जमाखर्च ज्याच्या हाती जायचा त्याला समोर बसून समजावून द्या. बँकेत तुमची सही चालत असेल तर कमिटीचा ठराव करून आताच बदला, नाहीतर तुमच्या एका सहीपायी मंडळीचे पैसे अडकतात.

तिकडच्या चर्चला दाखवायला पाळकसाहेबांकडून लेटरहेडवर शिक्क्यासह ओळख करून देणारं इंग्रजी पत्र घ्या, सोबत बाप्तिस्म्याचा दाखला. नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच हवं. आपल्या रजिस्टरांत माहेरचं नाव असतं.

सी.एन.आय. म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही मंडळी 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरातच अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट आणि इतर मंडळ्या एकत्र येऊन झाली. म्हणून तुम्ही सी.एन.आय.च्या असाल तर चर्च ऑफ इंग्लंड किंवा मेथडिस्ट चर्चमध्ये फार परकं वाटणार नाही. अकोला-अमरावतीकडच्या अलायन्सवाल्यांनी (ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सच्या मंडळ्या) आधी बॅप्टिस्ट चर्च पाहावं.

तिथे कुणी आपण होऊन घरी येणार नाही, याचा राग धरू नका. उपासनेनंतरच्या चहाला थांबा, कप धुण्याच्या पाळीत नाव द्या. ओळखी तिथेच होतात. कुणी गाडीतून सोडलं, जेवायला बोलावलं तर दोन ओळींचं हाताने लिहिलेलं कार्ड द्या. सामुदायिक जेवणाला भाजी न्याल तर शेंगदाण्याचा कूट किंवा तीळ असल्याची चिठ्ठी डब्यावर लावा. शेंगदाण्याच्या ॲलर्जीने जीवावर बेतू शकतं. मुलांच्या वर्गात शिकवायचं असेल तर आधी डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी होते. तो तुमच्यावरचा संशय नव्हे, सगळ्यांचीच होते.

गावच्या चर्चला पैसे पाठवताना एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांचा भारतातला कायदा लक्षात ठेवा. भारतीय नागरिक असेपर्यंत स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेलं दान विदेशी अंशदान ठरत नाही. चर्चने पासपोर्टची प्रत घेऊन ठेवावी. तिकडच्या विश्वासणाऱ्यांकडून गोळा केलेले पैसे मात्र आपल्या खात्यातून कधीच पाठवू नका. ते विदेशी अंशदान ठरतं, आणि नोंदणी नसलेल्या चर्चला ते घेता येत नाही. पुढे ब्रिटिश नागरिकत्व घेतलंत तर हाच नियम तुमच्या स्वतःच्या दानालाही लागतो, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलं तरी.

रविवारची सकाळची उपासना फोनवर जमणार नाही, आपले नऊ म्हणजे तिथे पहाटेचे साडेतीन-साडेचार. संध्याकाळी साडेसातची घरसभा धरा. हिवाळ्यात तिथे दुपारचे दोन, उन्हाळ्यात तीन. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात, हे ज्यांच्या घरी सभा असते त्यांना आधीच सांगून ठेवा.