ऐरोलीत नोकरी आणि रात्री ओपन सोर्स: यावर घर चालेल का?

तुमचा प्रश्न असा: ऐरोलीत आयटी कंपनीत नोकरी आहे, पायथन चांगलं येतं, ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या प्रकल्पांत योगदान देता आणि पुढे यावरच पोट भरायचं आहे. मग पैसा नेमका कुठून येतो?

देणग्यांमधून फारसा येत नाही, हे आधी सांगतो. गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर देणगीसाठी असलेलं स्पॉन्सर्सचं बटण जरूर लावा, पण त्याच्या भरवशावर घराचा हप्ता धरू नका. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर जगभरातल्या वेबसाइटींची सुरक्षा अवलंबून होती, तरी २०१४ मध्ये त्यातला हार्टब्लीड नावाचा सुरक्षेचा दोष उघडकीस येईपर्यंत त्यांना वर्षाला साधारण दोन हजार डॉलरच देणगी मिळत होती. शेअर ब्रोकर कंपनी झिरोधाने २०२४ मध्ये सुरू केलेला फ्लॉस फंड वर्षाला दहा लाख डॉलर वाटतो, एका प्रकल्पाला दहा हजार ते एक लाख. अर्जासाठी फंडिंग डॉट जेसन नावाची फाइल प्रकल्पात किंवा साइटवर ठेवावी लागते. पण तो आधीच भरपूर वापरात असलेल्या प्रकल्पांसाठी आहे.

तुमच्या परिसरात माझ्या मते सगळ्यात खात्रीचा मार्ग एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे इथल्या कारखानदाराला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कॉम्प्रेसरची, लिफ्टची, एसीची एएमसी तो भरतच असतो. कारखान्याचा साठा, खरेदी-विक्री आणि हिशोब सांभाळणारं ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर बनवणारी फ्रॅपे कंपनी मुंबईचीच. कोड जीपीएल या लायसन्सखाली खुला आहे आणि कंपनी कमावते ती मुख्यतः होस्टिंग व सपोर्टवर. तेच सॉफ्टवेअर बसवून देण्याचे आणि सांभाळण्याचे पैसे तुम्हीही घेऊ शकता. फक्त त्यांचं नाव स्वतःच्या धंद्याच्या नावात घालू नका. कोडचं लायसन्स मिळालं म्हणजे ट्रेडमार्क मिळाला असं नाही.

पायथन येतं, म्हणजे तांत्रिक बाजू जमेल. कठीण आहे ते कारखाना समजून घेणं. खरी डोकेदुखी जॉबवर्कची, म्हणजे बाहेरून करून घेतलेल्या कामाची असते. माल प्लेटिंगला चलनावर किलोत जातो, परत येतो नगांत, त्यातही थोडा रिजेक्ट. हा हिशोब सिस्टीममध्ये नीट बसला नाही की स्टोअरवाला गुपचूप एक्सेलवर परत जातो आणि तुमचं काम तिथेच संपतं. म्हणून पहिला आठवडा कोडला हात लावू नका, स्टोअर आणि डिस्पॅचमध्ये उभं राहून चलनं बघा. टॅलीतले जुने व्यवहार ओढून आणण्याचा हट्ट धरू नका. ओपनिंग बॅलन्स आणि प्रत्यक्ष मोजलेला साठा पुरे, आणि जमलं तर १ एप्रिलची सुरुवात धरा.

ग्राहकासाठी केलेले बदल नेहमी स्वतंत्र ॲपमध्ये ठेवा. मूळ कोडमध्ये केले तर पुढचं अपडेट अडतं किंवा बदल पुसले जातात, आणि जीएसटीचा नियम बदलला की जुन्या व्हर्जनवर अडकलेला ग्राहक तुमच्याच गळ्यात पडतो. बॅकअप रोज घ्या, पण महिन्यातून एकदा तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करूनही बघा. एन्क्रिप्शन की साइटच्या कॉन्फिग फाइलमध्ये असते. ती फाइल बॅकअपसोबत जपली नाही, तर डेटा परत येतो पण साठवलेले ईमेलचे, ई-इनव्हॉइसचे पासवर्ड उघडत नाहीत.

कोटेशनमध्ये पहिली ओळ ‘लायसन्स: ० रुपये’ अशी लिहा. ‘फुकटच्या सॉफ्टवेअरचे पैसे कसले?’ हा प्रश्न येणारच, त्याचं उत्तर खालच्या ओळींत हवं: बसवणं, प्रशिक्षण, एएमसी, प्रत्येकाची वेगळी रक्कम. एएमसीत किती तासांत प्रतिसाद, कोणत्या वेळेत, वर्षात किती अपडेट, हे स्पष्ट असू द्या. नवा रिपोर्ट आणि नवा प्रिंट फॉरमॅट त्यातून वगळा, नाहीतर सगळा वेळ त्यातच जाईल. रक्कम तिमाही आगाऊ घ्या. ‘उद्या दुसरा माणूस नेमायचा असेल तर कोड आणि डेटा तुमच्याकडेच राहील,’ असं मालकाला मोकळेपणी सांगा; सौदा ठरायला हीच गोष्ट कामी येते. टीडीएस कापला जाईल, तो आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनखाली दिसतो का ते तपासत राहा. वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. परदेशी ग्राहकाला जीएसटी न लावता बिल द्यायचं तर नोंदणीनंतर दर आर्थिक वर्षी एलयूटी हे हमीपत्र भरा.

स्वतःची लायब्ररी असेल तर दुहेरी लायसन्स हा दुसरा मार्ग: एजीपीएल (बदललेला कोडही खुला ठेवायला लावणारं लायसन्स) सगळ्यांना, आणि ज्यांना त्याच्या अटी नकोत त्यांना पैसे घेऊन वेगळं लायसन्स. यासाठी सगळ्या कोडचे हक्क तुमच्याकडे हवेत, म्हणून बाहेरच्या पहिल्या योगदानापासूनच लेखी करार घ्या. लोकप्रिय झाल्यावर लायसन्स आवळणं महागात पडतं. २०२३ मध्ये हॅशिकॉर्प कंपनीने तसं केल्यावर तिच्या जुन्या खुल्या कोडवरून ओपनटोफू हा स्वतंत्र प्रकल्प निघाला, २०२४ मध्ये तसाच रेडिस या डेटाबेसमधून वाल्की.

या सगळ्याआधी तुमचं नेमणूकपत्र वाचा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. कंपन्यांच्या करारात याहून पुढचं कलम असू शकतं, शिवाय जोडधंद्याला मनाई. एचआरकडून प्रकल्पाच्या नावासह ईमेलवर परवानगी घ्या, तोंडी नको. ती मिळत नसेल तर पैसे देणारा पहिला ग्राहक राजीनाम्यानंतरच घ्या, आणि तोवर कंपनीचा लॅपटॉप या कामाला वापरू नका.