सायफाय सिरीज किती सीझन चालावी?

गेल्या अंकात सायफाय सिरीजबद्दल जाता जाता दोन ओळी लिहिल्या आणि त्यावर आलेली पत्रं सगळ्यात जास्त, त्यामुळे या वेळी गॅस गीझर आणि सोसायटीचं पार्किंग बाजूला, फक्त हाच विषय.

प्रश्न : मी आणि हे रात्री जेवणं आटोपली की रोज एक एपिसोड बघतो. सायफाय दोघांनाही आवडतं. पण दरवेळी तेच होतं, पहिला सीझन भन्नाट, दुसरा बरा आणि तिसऱ्यात हे सोफ्यावरच घोरायला लागतात. मुलगा म्हणतो आई, पाच सीझन ही लिमिट, त्याच्या पुढे बघूच नकोस. असं काही असतं का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, मुलाचं निम्मं बरोबर आहे. पाच हा आकडा काही वाईट नाही, पण आधी गोष्ट कशावर उभी आहे ते बघा. काही सिरीज एका कोड्यावर उभ्या असतात आणि काही एका जागेवर. कोडं असेल तर ते कधीतरी सोडवावंच लागतं, आणि सोडवायची तारीख ठरलेली नसेल तर लेखक नुसता वेळ काढत बसतो, आणि तेव्हाच तुमचे मिस्टर घोरायला लागतात.

'लॉस्ट' घ्या. विमान बेटावर पडलं आणि त्या बेटात काहीतरी गडबड आहे, बस एवढंच. २००४ ला सुरू झाली, तुफान चालली, त्यामुळे चॅनेलला ती थांबवायचीच नव्हती. लिहिणाऱ्यांचं म्हणणं असं की शेवट कधी ते सांगा, मग आम्ही एकेक गाठ सोडवायला घेतो. तोपर्यंत करायचं काय? तर तिसऱ्या सीझनमध्ये हिरोच्या दंडावरचा टॅटू कुठून आला यावर अख्खा एपिसोड! त्यासाठी त्याला फ्लॅशबॅकमध्ये थायलंडला पाठवलं. तो टॅटू खरं तर त्या नटाचा स्वतःचाच होता, कोणीही विचारलं नव्हतं हो. बनवणाऱ्यांनी नंतर स्वतःच सांगितलंय की हा एपिसोड बघून चॅनेलला आमचं म्हणणं पटलं. मे २००७ मध्ये जाहीर झालं की आता अजून तीन सीझन, ४८ एपिसोड, २०१० ला खेळ खलास. शेवटावरून लोक अजून भांडतात ते सोडा, पण तारीख ठरल्यावर गोष्ट पळायला लागली हे कोणीही मान्य करेल.

'एक्स-फाइल्स'चं उलटं झालं. हिरोच्या बहिणीचं काय झालं हे मूळ कोडं, त्याचं उत्तर सातव्या सीझनला दिलं आणि तरी २००२ पर्यंत नऊ सीझन ओढले, वर २०१६ आणि २०१८ ला परत आणली. त्यातले सुट्टे एपिसोड, म्हणजे आठवड्याला एक नवीन भूत किंवा राक्षस, ते आजही मस्त वाटतात, पण मोठी गोष्ट म्हणाल तर मारुतीचं शेपूट झाली. जर्मन 'डार्क' बघितली नसेल तर बघा, कागद-पेन घेऊन बसा, कोण कोणाचा बाप ते लिहून ठेवावं लागतं. २०१७ ते २०२०, तीन सीझन, २६ एपिसोड, आणि गाशा गुंडाळला. माझ्या मते कोड्याच्या सिरीजला तीन पुरे, पाच म्हणजे डोक्यावरून पाणी.

जागेवर उभी असलेली सिरीज मात्र कितीही चालू शकते. 'डॉक्टर हू' १९६३ ला सुरू झाली. तीन वर्षांनी मुख्य नटाची तब्येत साथ देईना तेव्हा बीबीसीवाल्यांनी काय डोकं लावलं, तर हा परग्रहावरचा माणूस आहे, त्याचं अख्खं शरीर बदलू शकतं, आणला दुसरा नट! मग १९८९ पर्यंत चालली, बंद पडली, २००५ ला पुन्हा उभी राहिली. तिथे कोडं नाहीच, एक निळी पेटी आहे आणि ती कुठेही, कुठल्याही काळात जाते, मग संपायचं कारणच काय.

या दोन्हींच्या मध्ये एक आहे ती माझी लाडकी, 'बॅबिलॉन ५', तुमच्या मुलाचा पाचाचा आकडा बहुतेक तिथूनच आला असावा. एका अंतराळस्थानकाची गोष्ट, लेखक स्ट्रॅझिन्स्की याने पहिल्यापासून सांगितलेलं की कादंबरीसारखी पाच वर्षांत संपणार. ११० पैकी ९२ एपिसोड त्याने एकट्याने लिहिले. चौथ्या सीझनला बंद पडायची वेळ आली, म्हणून त्याने सगळं घाईघाईने गुंडाळलं, शेवटचा भागसुद्धा शूट करून टाकला आणि मग दुसऱ्या चॅनेलने पाचवं वर्ष दिलं! तो शेवट ठेवला बाजूला आणि वर्षभराने १९९८ ला दाखवला. त्यामुळे गंमत अशी की चौथ्यानंतर सोडून गेलेली हिरॉइन त्या शेवटच्या भागात दिसते. आणि त्यात स्थानक कायमचं बंद करताना दिव्यांचा खटका ओढणारा जो साधा कामगार आहे, तो म्हणजे खुद्द लेखक. पाचवा सीझन थोडा पातळ झालाय कारण मालमसाला चौथ्यातच वापरून झाला होता, पण बघाच.

प्रश्न : सर, मला 'डार्क' प्रचंड आवडली म्हणून त्याच लोकांची '१८९९' बघितली आणि एका सीझनला बंद!!! शेवट अर्धवट. हे लोक असं का करतात? आमच्या पूर्ण होस्टेलची चिडचिड झालीये.
— एफवायची विद्यार्थिनी, कर्वे रोड

उत्तर : चिडचिड रास्त आहे गं. त्यांच्या डोक्यात तीन सीझन होते आणि जानेवारी २०२३ ला कळलं की पुढे नाही. यात सगळा पैशाचा हिशोब आहे. पूर्वी अमेरिकेत वर्षाला बावीस-पंचवीस एपिसोड काढायचे आणि साधारण शंभर झाले की ते बाकीच्या चॅनेलना रोज दाखवायला विकता यायचे, खरी कमाई तिथे, म्हणून कसंही करून चार-पाच वर्षं ढकलायची धडपड. मूळ 'स्टार ट्रेक' तर १९६९ ला तीन सीझन आणि ७९ एपिसोडवर बंद पडली होती, नाव झालं ते नंतर रिपीटमध्ये. आता ओटीटीवर ती पुढची विक्रीच फारशी उरली नाही. नवीन गिऱ्हाईक येतं ते नवीन सिरीज बघून, चौथा सीझन बघून कोण नव्याने पैसे भरतंय? उलट दर सीझनला नटांचे पैसे वाढतात, ग्राफिक्सचा खर्च वाढतो. मग पहिल्याच महिन्यात किती जणांनी शेवटपर्यंत बघितली एवढं बघायचं आणि फुली मारायची.

यात नुकसान असं की हळूहळू रंगणाऱ्या सिरीजला वेळच मिळत नाही. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन'चे पहिले दोन सीझन आज बघितलेस तर हसशील, तिसऱ्यापासून ती खरी उभी राहिली आणि १९९४ पर्यंत सात सीझन, १७८ एपिसोड. आजच्या हिशोबाने पहिल्यालाच गेली असती. त्यात दोन सीझनमधली गॅप, 'सेव्हरन्स' फेब्रुवारी २०२२ ला आली आणि दुसरा सीझन थेट जानेवारी २०२५. तोपर्यंत तुझं ग्रॅज्युएशन होईल!

प्रश्न : आमच्या वेळी दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायचं, मग 'स्पेस सिटी सिग्मा' आलं, नातवाच्या बापाने 'कॅप्टन व्योम' पाहिलं. तेव्हा तेरा भागांत गोष्ट संपायची अक्कल होती. मराठीत अशी वैज्ञानिक मालिका का होत नाही? की आपल्याला फक्त सासू-सून?
— एक ज्येष्ठ वाचक, सहकारनगर

उत्तर : काका, 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, चार दिवस म्हणता म्हणता बारा वर्षं, त्यामुळे तुमचा राग समजतो. पण रोज अर्धा तास भरायचा म्हटलं की विज्ञान त्यात टिकणारच नाही, एका कल्पनेला रोज पाणी घालून तीनशे भाग कसे होणार. आणि आपलं मराठी विज्ञानसाहित्य बघा, जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, यांची ताकद बरीचशी कथेत. नारळीकरांनी पहिली विज्ञानकथा पाठवली तीसुद्धा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला, टोपणनावाने. एक कल्पना, एक झटका, संपलं.

म्हणून मला वाटतं मराठीत झाली तर सुट्ट्या गोष्टींची व्हावी, सहा किंवा आठ भाग, दर भागाला नवीन गोष्ट नवीन माणसं. लिहिणारी पोरं पुण्यात आहेतच की, पुरुषोत्तमला, म्हणजे कॉलेजच्या मुलांच्या एकांकिका स्पर्धेला, दरवर्षी भरत नाट्यला जाऊन बघा, एक टेबल, दोन खुर्च्या आणि थोडा लाईट एवढ्यावर ही मुलं काय काय उभं करतात. त्यांना अंतराळयान द्यायची पण गरज नाही, एका वाड्याच्या माळ्यावर काळाचं भोक दाखवलं तरी चालेल. ग्राफिक्सचे पैसे नाहीत हे रडगाणं मला पटत नाही, अशाच सुट्ट्या गोष्टींच्या अमेरिकन 'ट्वायलाइट झोन'ने १९५९ ते ६४ मध्ये १५६ भाग काढले, त्यातले कितीतरी एका खोलीत घडतात.

प्रश्न : 'द एक्सपान्स' सुरू करू का? मित्र म्हणतो पुस्तकं नऊ आहेत आणि सिरीज सहा सीझनला बंद झाली, म्हणजे अर्धवट. आधीच सांगा, परत पोपट नकोय.
— आयटीवाला, हिंजवडी

उत्तर : कर सुरू. तिसऱ्या सीझननंतर एका चॅनेलने सोडली होती, ॲमेझॉनने उचलली आणि २०२२ ला संपवली. सहाव्या पुस्तकानंतर मूळ गोष्टच सुमारे तीस वर्षं पुढे उडी मारते, म्हणजे थांबायला त्याहून बरी जागा नव्हती. एकदोन धागे लोंबकळतात, तेवढे चालवून घे. पहिले चार एपिसोड जड जातील, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये मोबाईलवर बघू नकोस, घरी नीट बस.