लेकीने दुधातलं अँटिबायोटिक शोधायचा प्रोजेक्ट घ्यावा का?

बडोद्याच्या रावपुऱ्यातून एका आईचं पत्र आलंय. मुलगी तिथल्याच एमएसयूत (महाराजा सयाजीराव विद्यापीठात) एमएससी केमिस्ट्री करतेय, शेवटच्या सेमिस्टरच्या डेझर्टेशनला मॅडमनी विषय दिलाय, कार्बन डॉट्स, म्हणजे यूव्ही उजेडात चमकणारे कार्बनचे अतिसूक्ष्म कण, वापरून दुधातलं टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक ओळखायचं. मुलगी खूश, पुढे पीएचडी करायची म्हणते. वडील म्हणतात चमकणाऱ्या पाण्याने पोट भरतं का, फार्मा कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायच्या कामाला लाग. धाकटा भाऊ म्हणतो अगं याला नोबेल मिळालंय. आईला कळेना कोणाचं ऐकावं.

ताई, विषय घेऊ दे तिला, बिनधास्त. पण नोबेलसाठी नको. 2023 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं ते सेमीकंडक्टरच्या क्वांटम डॉट्सना, तिचे कार्बन डॉट्स वेगळे, स्वस्तातले, त्यात कॅडमियमसारखा विषारी धातू नसतो. सायट्रिक ॲसिड आणि एखादं अमाइन टेफ्लॉनच्या भांड्यात बंद करून ऑटोक्लेव्हमध्ये 200 डिग्रीच्या आसपास काही तास ठेवलं की तयार, आणि 365 नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याखाली निळे चमकतात. इथपर्यंत बरेच जण पोचतात. खरं काम यापुढे आहे आणि नोकरीसुद्धा त्यातूनच मिळते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाईला कासदाह झाला की अँटिबायोटिक देतात, आणि त्यानंतर ठरावीक दिवस ते दूध विकायचं नसतं. ते पाळलं नाही की औषध दुधातून आपल्या घरात येतं. पेनिसिलिनसारखं औषध दुधात असलं तर विरजणातले जिवाणूच मरतात, दही धड लागत नाही, म्हणजे डेअरीचं थेट नुकसान, शिवाय पुढे माणसांवर औषधं चालेनाशी होतात तो प्रश्न तर फारच मोठा. टेट्रासायक्लिन गटासाठी कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची, दुधातली मर्यादा लिटरला 100 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे दहा लिटर दुधात एक मिलिग्रॅम. एवढंसं पकडायचंय.

पकडायचं कसं, तर टेट्रासायक्लिन स्वतःच 360 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषून घेतं, मग डॉट्सपर्यंत प्रकाश कमी पोचतो आणि चमक उतरते. जितकं औषध जास्त तितकी चमक कमी. स्वच्छ पाण्यात हे मस्त चालतं, ग्राफ सरळ रेषेत येतो, पेपरपण होतो. पण तोच प्रकाश शोषणारं दुसरं काही आलं तरी चमक उतरणारच ना? आणि दुधात तर फॅट आहे, केसीन हे प्रोटीन आहे, वर रायबोफ्लेविन (बी-2 जीवनसत्त्व) आहे जे स्वतःच चमकतं. घरी पनीर कराल तेव्हा उरलेलं हिरवट पाणी अंधारात यूव्ही टॉर्चखाली धरून बघा, एकही डॉट न घालता ते पिवळट हिरवं दिसेल. म्हणून काही जण डॉट्सबरोबर युरोपियम हा धातू वापरतात, टेट्रासायक्लिन त्याला जोडलं गेलं की 615 नॅनोमीटरच्या आसपास लाल चमक येते, मग लाल आणि निळ्याचं गुणोत्तर काढायचं म्हणजे दिव्याचा उजेड थोडा कमीजास्त झाला तरी आकडा फारसा हलत नाही.

तेव्हा तिने मॅडमना आत्ताच विचारावं, काम खऱ्या दुधावर करायचंय की नुसत्या पाण्यावर? प्रोटीन पाडून, सेंट्रिफ्यूज करून, त्यात मोजून औषध घालून परत किती मिळतं ते काढणार का? आणि तीच सँपल्स कुठेतरी एलसी-एमएसवर, म्हणजे घटक वेगळे करून वजनावरून नेमके ओळखणाऱ्या मशीनवर, पडताळून मिळतील का? शेवटचं जमलं तर सोनंच, त्यासाठी दोन महिने जास्त गेले तरी जाऊ देत.

वडिलांची काळजी रास्त आहे. सेन्सर बनवायची नोकरी आपल्याकडे सहज मिळत नाही, डेअऱ्या तयार स्ट्रिप वापरतात आणि खात्रीसाठी सँपल एलसी-एमएसला जातं. पण कॅलिब्रेशन, रिकव्हरी, डिटेक्शन लिमिट, व्हॅलिडेशन हे सगळं तिने स्वतःच्या हाताने केलेलं असेल तर फार्माच्या क्यूसीत इंटरव्ह्यूला हेच विचारतात, म्हणजे वडिलांचा रस्ता यात बंद होतच नाही. उलट आणखी एक उघडतो. आणंद आपल्या शेजारीच, तिथे एनडीडीबीची (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची) काफ ही मोठी तपासणी लॅब आहे, खासगी फूड लॅब्जपण आहेत. एमएससीनंतर अन्न तपासणीचा तीन वर्षांचा अनुभव झाला की एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, फूड ॲनालिस्टची परीक्षा देता येते, हे फार कमी मुलांना माहीत असतं.

पीएचडीचं आज ठरवूच नका. जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 आणि नंतर 42,000, घरभाडं वेगळं, म्हणजे घरावर ओझं नाही. जेआरएफशिवाय मात्र उडी मारू नये हे माझं स्पष्ट मत. मिळाली तर सुरतच्या एसव्हीएनआयटी या इंजिनिअरिंग संस्थेत या प्रकारचं काम चालतं, मोहालीची आयएनएसटी तर नॅनोचीच संस्था आहे, आणि लॅब निवडताना तिथून बाहेर पडलेली मुलं आज कुठे आहेत ते विचारायचं, संस्थेच्या नावावर जायचं नाही.

लग्नाचं तुम्ही पत्राच्या शेवटी हळूच लिहिलंय. ते तिच्याशी उघड बोला, पण त्या कारणाने तिला न विचारता पीएचडी कापू नका.

जेआरएफसाठीची सीएसआयआर-नेट परीक्षा एमएससीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच देता येते, तेव्हा पुढचा फॉर्म निघाला की तिने भरून टाकावा. डेझर्टेशन चालू असताना ॲनालिटिकलचा अभ्यास आपोआप होतो, ऑरगॅनिक आणि फिजिकलला मात्र रोज वेळ काढावा लागेल.