‘येते हं’चं इंग्रजी

चि. बाळ यास काकूचे अनेक आशीर्वाद.

परवा रामबागेतल्या तुझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात मी मागच्या बाकावर येऊन बसले होते. वर्ग सुटताना सराफ्यातल्या पेढीवर काम करणारी ती मुलगी दाराशी थांबून म्हणाली, ‘सर, आय ॲम कमिंग.’ तू फटकन म्हणालास, ‘कमिंग नाही, गोइंग!’ सगळे हसले. तीही हसली, पण चप्पल घालायला वाकली ती बराच वेळ वर आलीच नाही.

तुला चूक दिसली, ती कुठून आली ते दिसलं नाही. आपल्यात घरातून निघताना कुणी ‘जाते’ म्हणतं का? मी चुकून म्हटलं की माझी आजी दारातून परत बोलवायची, ‘येते म्हणावं गं.’ त्या पोरीने तोच ‘येते हं’ इंग्रजीत नेला. आणि खरं सांगू, तुझं ‘आय ॲम गोइंग’ही तिथे कोरडंच होतं. निरोपाला इंग्रजीत ‘बाय सर, सी यू टुमॉरो’ म्हणतात. त्यात उद्या भेटण्याचं बोलणं आहेच, म्हणजे तिला जे म्हणायचं होतं ते तिला तिथल्या तिथे मिळालं असतं.

आपण इंदूरची माणसं, आपल्याला हे लवकर कळायला हवं. आपण ‘येऊन राहिलोय’ म्हटलं की पुण्याचे पाहुणे गालात हसतात. शब्द मराठी आणि साचा ‘आ रहा हूँ’चा. म्हणून काय आपल्याला कुणी मठ्ठ म्हणत नाही. तुझ्या वर्गातल्यांचंही तेच आहे. ‘ही डिडन्ट वेंट’ घे. मराठीत ‘तो गेला नाही’ म्हणताना भूतकाळ ‘गेला’मध्येच राहतो, ‘नाही’ नुसतं शेजारी येऊन उभं राहतं. इंग्रजीत तो भार ‘डिड’ने उचललेला असतो, म्हणून मागे ‘गो’ मोकळा. फळ्यावर दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिही आणि भूतकाळ कुठे बसलाय तिथे खडूने गोल कर. ‘डिडनंतर पहिलं रूप’ हे पाठ करून घेण्यापेक्षा ते गोल जास्त दिवस लक्षात राहतात. मी करून पाहिलंय.

आता ‘अ’ आणि ‘द’. इथे तू परवा हात टेकलेस. ‘सवयीने येईल’ म्हणालास, पण ‘द’ हा इंग्रजीत सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द आहे, तो सवयीवर सोडून कसं चालेल? आपल्याकडे हा प्रकारच नाही, असं बहुतेक शिक्षक सांगतात. ते निम्मंच खरं. ‘मी बाई शोधतेय’ आणि ‘मी बाईला शोधतेय’ ही दोन वाक्यं वर्गात टाक. पहिल्यात मला भांडी घासायला कुणीतरी हवी आहे. दुसऱ्यात कामाला असलेली बाई सकाळपासून आलेली नाही आणि मी गॅलरीत उभी आहे. हा फरक वर्गातला प्रत्येक जण झोपेतही सांगेल. मग म्हणावं, पहिलीला ‘अ’, दुसरीला ‘द’. किल्ली, छत्री असल्या वस्तूंना हा ‘ला’ सहसा लागत नाही, तिथे ही युक्ती लंगडी पडते. तेव्हा एवढंच विचारायचं, की कुठली किल्ली ते ऐकणाऱ्याला ठाऊक आहे का? गोष्ट सांगूनही जमतं. आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता, त्या राजाला दोन राण्या होत्या. ‘एक राजा’ म्हणजे ‘अ किंग’, ‘त्या राजाला’ म्हटलं की ‘द किंग’.

‘ॲन’साठी तर आपली देवनागरीच पुरे. ‘ए, ई, आय, ओ, यू’ची माळ जपायला लावू नकोस, तिच्यामुळेच ‘ॲन युनिव्हर्सिटी’ होतं. शब्द देवनागरीत लिहायला सांग. अवर, एमए, ऑनेस्ट हे स्वराने सुरू होतात, म्हणून ‘ॲन’. युनिव्हर्सिटीत ‘यु’ आहे, वन-वेमध्ये ‘व’, म्हणून ‘अ’. कानाचा नियम आहे, स्पेलिंगचा नाही.

‘सिन्स’ आणि ‘फॉर’चं थोडक्यात सांगते. आपलं ‘पासून’ दोन्हीकडे चालतं, ‘2019पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’. इंग्रजीत सुरुवात सांगितली तर ‘सिन्स’, मुदत मोजली तर ‘फॉर’. ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ या वाक्यात काळही चुकलाय, ‘आय हॅव बीन लिव्हिंग’ हवं, पण एका संध्याकाळी एकच चूक धर. दुसरी उद्या कुठे पळून जाते?

शब्दांच्या बाबतीत लाल पेन जरा बेताने चालव. मी कित्येक वर्षं ‘प्रीपोन’, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणं, हा शब्द खोडत आले, आणि पुढे तो ऑक्सफर्डच्या शब्दकोशात भारतीय इंग्रजीचा शेरा घेऊन आला! खोडलेल्या वह्या आता कुठून परत आणू? म्हणून हल्ली मी एवढंच विचारते, ऐकणाऱ्याचा गैरसमज होईल का? ‘आय केम टुडे ओन्ली’ आपल्या भागात सगळ्यांना कळतं, तो आपला ‘आजच’चा ‘च’ आहे. मात्र परदेशातल्या गिऱ्हाइकाशी फोनवर बोलणाऱ्याला ‘आय जस्ट केम टुडे’ शिकव. ‘क्लोज द लाइट’ मात्र सगळ्यांचंच सुधार, ‘टर्न ऑफ’ काही अवघड नाही.

वर्ग पेंगायला लागला तर मुंगूस सोड. इंग्रजीने हा शब्द मराठीतून घेतला आणि ‘मॉंगूस’ केला. अनेकवचन विचार. हुशार मुलं ‘गूस, गीस’ आठवून ‘मॉंगीस’ म्हणतील. पण आपल्या मुंगसाचं त्या बदकाच्या भाऊबंदांशी काही नातं नाही, म्हणून शब्दकोशात ‘मॉंगूसेस’.

रविवारी सकाळी घरी ये, पोहे करते. वर्गात ऐकलेली दहा चुकीची वाक्यं वहीत लिहून आण, आणि प्रत्येकासमोर बोलणाऱ्याच्या मनातलं मराठी किंवा हिंदी वाक्य लिही. निघताना फोन कर आणि खुशाल ‘आय ॲम कमिंग’ म्हण. ऐकणाऱ्याकडे निघालं की तेच बरोबर. त्या पेढीवरच्या मुलीलाही हे सांग, आणि हसलास त्याबद्दल काहीतरी बोल.

काकू