पोट गप्प असतं तेव्हा

फोंडा
श्रावणातला सोमवार

प्रिय डॉक्टर,
सप्रेम आशीर्वाद.

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा पाऊस असा कोसळत होता की अर्धं बोलणं ऐकूच आलं नाही. एवढं कळलं की पेडण्याची अठ्ठावन्न वर्षांची बाई आहे, पित्ताशयात खडे आहेत, ऑपरेशनची तारीख ठरली होती आणि पांढऱ्या पेशी निघाल्या २,८००. भूलतज्ज्ञांनी केस थांबवली म्हणून तू वैतागली होतीस. "सर, किती काउंटच्या खाली सुरी लावायची नाही, तो आकडा सांगा," असं तू विचारलंस. फोनवर उत्तर दिलं नाही, कारण असा एक आकडा माझ्यापाशी नाही. आज सवडीनं लिहितो.

आधी त्या २,८००ची फोड कर. जंतूंशी पहिली झुंज न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी देतात, म्हणून हिशेब त्यांचा करायचा. रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल ६० टक्के असतील तर ते झाले १,६८०, म्हणजे फारशी चिंता नाही. तेच १५ टक्के असतील तर ४२०, आणि मग ती बाई वेगळीच रुग्ण झाली. एकूण काउंट दोन्हीकडे तोच. १,५००च्या खाली कमी आणि ५००च्या खाली धोक्याचं, हे तू पाठ केलं आहेसच. घाईचं नसलेलं ऑपरेशन मी १,०००च्या खाली करत नाही, आणि त्याच्या वर असेल तरी काउंट का उतरला हे कळेपर्यंत थांबतो. आमचे एक सर जुन्या एस्कोला मेडिकात शिकलेले होते, गोव्यातल्या १८४२ सालापासूनच्या त्या वैद्यकीय शाळेत. ते आम्हाला शंकास्पद काउंटची काचपट्टी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघायला लावायचे. आता यंत्र मोजतं. तरी खाली पॅथॉलॉजीत जाऊन पट्टी बघून ये. यंत्र न सांगणारं बरंच काही तिथे दिसतं.

आता कारण. हे दिवस पावसाचे. दोन आठवड्यांपूर्वी ताप येऊन गेला का, हे तिला विचारलंस का? डेंगीत पांढऱ्या पेशी पहिल्या आठवड्यातच उतरतात आणि ताप सरला की पुन्हा चढतात. डेंगीत पित्ताशयाची भिंतही सुजते. सोनोग्राफीत ती जाड दिसते, बाई उजव्या बरगडीखाली हात धरून कण्हते, आणि तरुण सर्जनला वाटतं की हा तर पित्ताशयाचा दाह. प्लेटलेट पडलेल्या असताना असं पोट उघडलं तर रक्त थांबवताना पुरेवाट होते. थांबलं, तर भिंत आपसूक पूर्ववत होते.

दुसरं म्हणजे औषधं. "कुठली गोळी घेता?" असं विचारू नकोस, घरातली औषधांची पिशवी आणायला सांग. थायरॉइडसाठी दिलेली कार्बिमाझोल काही जणांत न्यूट्रोफिल पार शून्यावर नेते. संधिवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायची असते, पण सांगणाऱ्यानं भरभर सांगितलं आणि ऐकणाऱ्यानं अर्धवट ऐकलं की ती रोज घेतली जाते. मग तोंड सोलून निघतं आणि सगळ्याच पेशी कोसळतात. माझ्याकडे अशी एक आजी आली होती. गोळ्यांचं रिकामं पाकीट मोजलं तेव्हा उलगडा झाला.

जे खरं सांगायचं आहे ते पुढे आहे.

मी तुझ्या वयाचा होतो. एका रुग्णालयात रात्रपाळीला सोळा वर्षांचा मुलगा आला. रक्ताचा कर्करोग होता आणि केमो घेऊन बारा दिवस झाले होते. ताप होता, पोटात उजवीकडे खाली दुखत होतं. हात ठेवला तर पोट मऊ. थोडंसं दुखलं, ताठरपणा नाही. अपेंडिक्सची सुरुवात असणार, फुटायच्या आत काढून टाकू, असं मी ठरवलं. रक्ताचा रिपोर्ट फाइलमध्ये होता. हिमोग्लोबिन पाहिलं, रक्ताची बाटली मागवली. त्याखालची ओळ वाचली नाही. पोट उघडलं तर अपेंडिक्स जवळपास ठीक होतं, पण शेजारचं सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग, भिजलेल्या स्पंजासारखं फुगलेलं आणि जांभळट. पू नाही, चिकट पडदा नाही. काही न करता पोट बंद केलं. जखमही तशीच राहिली. लाल झाली नाही, पू आला नाही, आठव्या दिवशी नुसती उघडली. अकराव्या दिवशी तो गेला.

वरिष्ठांनी मला एकच विचारलं, "काउंट किती होता?" ३०० होता.

लाली, सूज, पू, पोटाचा ताठरपणा ही जी लक्षणं आपण शिकतो, ती बव्हंशी पांढऱ्या पेशींनी चालवलेल्या लढाईची असतात. पेशीच नसतील तर आतडं कुजत असलं तरी पोट गप्प राहतं. म्हणून केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात, पेशी तळाला असताना, पोटदुखी घेऊन कुणी आलं तर मऊ पोटावर विश्वास ठेवू नकोस. आधी सीटी स्कॅन. सीकमची भिंत जाड दिसली तर बहुतेकांना सुरीवाचून उतार पडतो: तोंडानं काही नाही, सलाइन, जंतूंवर जबर अँटिबायोटिक, आणि दर काही तासांनी त्याच हातानं, म्हणजे तुझ्याच हातानं, तपासणी. गुदद्वारातून बोट नाही, एनिमा नाही, थर्मामीटर नाही. गुदद्वाराजवळ दुखरी गाठ असेल तर पू शोधायला चीर देऊ नकोस, तो तिथे नसतो. पेशी परतल्या की गाठ पिकते, चीर तेव्हा द्यायची.

याचा अर्थ हात बांधून बसायचं असा घेऊ नकोस. आतडं फुटलं, रक्तस्राव थांबेना, सगळं करूनही रक्तदाब घसरत चालला, तर काउंट १०० असला तरी पोट उघडावंच लागतं. विषमज्वरातही काउंट कमी असतो आणि तिसऱ्या आठवड्यात लहान आतडं फुटतं. तिथे काउंट चढायची वाट पाहणं म्हणजे रुग्ण गमावणं. अशा वेळी कमीत कमी कर. मेलेला भाग काढ, जोड देण्याचा मोह टाळ, आतड्याचं तोंड पोटावर आण. जोडायला पेशी परतल्यावर वेळ मिळतो.

अशा रुग्णात ऑपरेशननंतर एकच लक्षण हाती उरतं, ताप. एकदा जरी १०१ फॅरनहाइट दिसला, किंवा तासभर १००.४च्या वर राहिला, तर जंतू शोधायला रक्ताचं कल्चर घेऊन तासाभरात अँटिबायोटिक गेलं पाहिजे. सकाळच्या राउंडची वाट पाहायची नाही. दर सहा तासांनी पॅरासिटामॉल लिहून ठेवायची आपली सवय इथे घातक आहे, कारण उरलेलं एकमेव लक्षणही ती झाकून टाकते. सिस्टरना हे स्वतः समजावून सांग. चार्टवर लिहिलंय म्हणून सोडू नकोस.

नातेवाईक विचारतील, पांढऱ्या पेशी चढवता येत नाहीत का? प्लेटलेटच्या पिशव्या त्यांनी पाहिलेल्या असतात. न्यूट्रोफिल रक्तात काही तासच टिकतात, म्हणून सहसा तशा चढवत नाहीत, हे त्यांच्या भाषेत सांग. केमोच्या रुग्णांत पेशी वाढवणारी इंजेक्शनं आहेत, पण त्यांनाही काही दिवस लागतात, एका रात्रीत काम होत नाही. मुलगा गल्फला असेल तर त्याला फोन लाव आणि धोका सही घेण्याआधी सांग. दोडामार्ग, बांद्याहून बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात आलेली माणसं डॉक्टरांपुढे मान डोलावतात. मान डोलावली म्हणजे समजलं असं धरू नकोस. परत त्यांच्याच तोंडून वदवून घे.

भूलतज्ज्ञांनी केस थांबवली ते योग्यच केलं. उद्या जाऊन त्यांना तसं सांगून ये.

पेडण्याच्या बाईंचे खडे शांत आहेत, म्हणजे घाई नाही. डिफरन्शिअल, म्हणजे पेशींची टक्केवारी, बघ, काचपट्टी बघ, दहा दिवसांनी काउंट परत कर. आणि त्यांनी पिशवी आणली की तिच्यात काय निघालं ते मला कळव. मी रात्री दहापर्यंत जागा असतो.

तुझा,
सर