नवीन डिझाइनची पेनी जपून ठेवली, आता भाव येईल का?

वाचकांचे प्रश्न : नाणी आणि छंद

प्रश्न : सर, आम्ही औश्याचे. माझे मेहुणे २००९-१० ला कंपनीच्या कामानं अमेरिकेत होते, तेव्हा तिथं पेनीचं म्हणजे एक सेंटच्या नाण्याचं डिझाइन बदललं म्हणून त्यांनी बँकेतून कोऱ्या पेन्या आणल्या, २००९ च्या चार प्रकारच्या आणि २०१० ची ढालवाली. म्हणले ठेवा, पुढं लई भाव येईल. आता अमेरिकेनं पेनीच बंद केली म्हणायलेत आणि व्हाट्सअपवर एकेक पेनी लाखात चाललीय असं यायलंय. एका माणसाचा फोन पण आला, आधी नोंदणीचे दीड हजार भरा, गिऱ्हाईक आणून देतो. काय करावं?
— एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : दादा, ते दीड हजार भरू नका, बाकीचं नंतर बघू. नाणं विकून देतो म्हणून आधी पैसे मागणारा गिऱ्हाईक आणत नसतो. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि लोगो वापरून लोक असंच कमिशन, टॅक्स उकळायलेत म्हणून खुद्द बँकेनंच ऑगस्ट २०२१ मध्ये सावध केलं होतं, की आम्ही असल्या व्यवहारात नाही आणि आमच्या नावानं पैसे घ्यायचा अधिकार कुणाला दिलेला पण नाही.

आता ती लाखाची बातमी कुठून आली ते सांगतो, कारण ती पूर्ण खोटी नाहीये आणि म्हणूनच भले भले फसतात. एक सेंटचं नाणं बनवायला साडेतीन सेंटच्या वर खर्च यायला लागला म्हणून १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनातली शेवटची पेनी पाडली. मग डिसेंबरात शेवटच्या नाण्यांच्या २३२ सेटचा लिलाव झाला, त्यांच्यावर ओमेगा या ग्रीक अक्षराची खास खूण आहे, आणि ते सगळे मिळून दीड कोटी डॉलरच्या वर गेले. व्हाट्सअपवर फिरता फिरता ओमेगा गळाला, २३२ गळाले, उरलं फक्त पेनी लाखात.

तुमच्या पेन्यांचं म्हणाल तर २००९ हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकनच्या जन्माचं दोनशेवं वर्ष, त्या वर्षी त्याच्या आयुष्यातले चार प्रसंग चार पेन्यांवर आले, केंटकीतली लाकडी झोपडी, ओंडक्यावर बसून पुस्तक वाचणारा तरुण लिंकन, इलिनॉयच्या विधानभवनासमोर उभा असलेला आणि चौथ्यावर वॉशिंग्टनच्या कॅपिटलचा अर्धवट बांधलेला घुमट. चारही मिळून २३५ कोटींच्या आसपास निघाली आणि २०१० ची ढाल एकटीच ४०० कोटी. नवीन डिझाइन म्हणलं की पहिल्या दिवशी सगळेच रोल, म्हणजे कागदात गुंडाळलेल्या कोऱ्या नाण्यांच्या पुंगळ्या, घेऊन कपाटात ठेवतात, तुमच्या मेहुण्यांनी केलं तेच तिथल्या लाखो लोकांनी केलं, सुरुवातीला झोपडीच्या रोलला चांगला भाव पण चढला होता पण मग उतरला. लातूरच्या अडतीवर सोयाबीनची आवक वाढली की काय होतं ते तुम्हाला मी काय सांगावं. आज यातली सुटी कोरी पेनी तिकडं डॉलरच्या आतच मिळते.

याच नाण्याची शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट बघा. १९०९ ला लिंकनची पेनी पहिल्यांदा आली तेव्हा मागच्या बाजूला खाली कलाकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांची व्ही. डी. बी. ही आद्याक्षरं होती, लई ठळक दिसतात म्हणून ओरड झाली आणि काही दिवसातच काढून टाकली. तोपर्यंत फिलाडेल्फियात २ कोटी ८० लाखाच्या आसपास निघाली होती, लोकांनी हौसेनं जपली, त्यामुळं आज ती सहज मिळते. पण सॅन फ्रान्सिस्कोची तीच पेनी, जिच्यावर सालाखाली बारीक एस आहे, निघाली फक्त ४ लाख ८४ हजार, आणि ती घासलेली असली तरी शेकडो डॉलरला जाते. वर्ष तेच, डिझाइन तेच, फरक त्या एका एसचा.

दुसरं १९४३. युद्धाला तांबं लागायलं म्हणून अमेरिकेनं त्या वर्षी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची पेनी काढली, आणि तांब्याची टंचाई आपल्याकडं पण होतीच, त्याच वर्षी इथं भोकाचा पैसा आला, तुमच्या आजीनं करदोट्यात ओवलेला असेल बघा. पोलादी पेनी शंभर कोटीच्या वर निघाली, भोकाचा पैसा पण घरोघरी पडून आहे, दोन्ही आज किरकोळ भावात मिळतात. मात्र १९४३ सालाचीच पण चुकून जुन्या तांब्याच्या चकतीवर पडलेली पेनी लिलावात लाखावर डॉलरला गेलेली आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, संग्रह म्हणून ठेवा, गुंतवणूक म्हणून ठेवू नका. फक्त विसरून जायच्या आधी एक काम करा, भिंग घ्या आणि पुस्तक वाचणाऱ्या लिंकनवाल्या पेन्या एकेक करून बघा, पुस्तकावरच्या हाताला एखादं बोट जास्तीचं दिसतंय का. साच्यात दुहेरी ठसा उमटल्यामुळं काही नाण्यांवर तसं झालेलं आहे आणि हौशी लोक त्याला बरे पैसे देतात. सापडलं तर ठीक, नाही तर चार प्रकारची चार आणि ढालवाली एक अशी पोरांच्या हातात द्या, एका माणसाचं आख्खं आयुष्य पाच नाण्यांत सांगता येतं ही मला लई मोलाची गोष्ट वाटते. कडेनं धरायला शिकवा आणि कोरड्या जागी ठेवा, कारण १९८२ नंतरची पेनी आतून जस्ताची आहे, वरचा तांब्याचा पापुद्रा फुटला आणि दमट हवा लागली की फोड येतात, ते परत बसत नाहीत.

प्रश्न : आपल्याकडची नवीन धान्याच्या चित्राची वीस रुपयाची नाणी साठवून ठेवू का? माझ्याकडं डबा भरत आलाय.
— एक गृहिणी, परभणी

उत्तर : ताई, डबा खर्चून टाका. आपल्या बारा कोनांच्या विसाचं वरच्या पेनीसारखंच आहे, हे नाणं रोजच्या वापरासाठीच काढलेलं आहे आणि अजून निघायलंय. ठेवायचंच तर सालाखालची खूण बघून ठेवा, पत्त्यातल्यासारखी चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. प्रत्येक सालाचं आणि प्रत्येक टांकसाळीचं एकेक, न घासलेलं. हा खरा संग्रह, आणि त्याला वीस रुपयाच्या वर एक पैसा लागत नाही. दुकानदार नाणं घेईना म्हणून साठलं असेल तर त्याला सांगा की हे चालू चलन आहे.

प्रश्न : आजीच्या पेटीत चारमिनारचे चांदीचे रुपये निघाले, काळे पडलेत. चिंच लावून साफ करू का?
— एक विद्यार्थी, जालना

उत्तर : अजिबात नको! चिंच, लिंबू, राख, ब्रश, काहीच नको. तो काळपटपणा काढला की जाणकार गिऱ्हाईक लगेच ओळखतं आणि भाव पडतो. हा निजामाचा हाली सिक्का, आपल्या मराठवाड्यात इंग्रजी कलदार रुपयासोबत हाच चालायचा. नुसत्या कोरड्या मऊ कपड्यावर ठेव आणि चारमिनारच्या मधल्या कमानीत बघ, तिथं एक उर्दू अक्षर आहे, मीम असेल तर सहावे निजाम महबूब अली खान, ऐन असेल तर सातवे उस्मान अली खान. साल हिजरी आहे. गावात निजामाच्या काळात उर्दूतून शाळा शिकलेलं कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांच्याकडून वाचून घे, आणि ते वाचून होईपर्यंत सोनाराकडं वितळवायला तर मुळीच नेऊ नको.